बेंबळीहून चापड्याच्या गावाला

दोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि सोलापूर शोधा. सापडलं? आता बोट वर सरकवा. आधी तुळजापूर लागेल, मग धाराशिव. हेच पूर्वीचं उस्मानाबाद. २०२३ साली त्याचं नाव बदललं. धाराशिवहून थोडं पूर्वेला गेलं की बेंबळी हे मोठं गाव आहे. तुमच्या नकाशात त्याचं नाव कदाचित छापलेलं नसेल. नसू दे! तिथे पेन्सिलीने एक ठिपका द्या. आपला आजचा प्रवास या ठिपक्यापासून सुरू होणार आहे.

बेंबळीच्या आसपास काय दिसतं? काळी जमीन, ज्वारी, तूर आणि सोयाबीनची शेतं, बांधावर बाभळी, बोरी, कडुलिंब आणि मध्येच एखादी जुनी चिंच. उन्हाळ्यात बांध उघडेबोडके होतात आणि सावलीसाठी गुरं लिंबाखाली गोळा होतात. हा सगळा बालाघाटच्या पठाराचा मुलूख.

इथल्या मुलांना साप काही नवे नाहीत. धामण उंदरांच्या मागे शेतात हिंडते. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं यांची नावं घराघरात ठाऊक असतात. पण हे सगळे जमिनीवरचे, बिळातले, दगडाखालचे. रुका नावाचा सडपातळ, तपकिरी साप झाडावर सरसर चढतो आणि तो कोरड्या मुलखातही राहतो. पण रुका बिनविषारी. झाडाच्या फांदीवर वेटोळं घालून दिवसच्या दिवस बसून राहणारा विषारी साप बेंबळीच्या लिंबावर कुणी पाहिलाय का?

नाही ना? मग असा साप असतो तरी कुठे? आणि तो बेंबळीला का नाही? चला, शोधायलाच निघू.

ढगांच्या उलट दिशेने

महिना जुलैचा धरू. पाठीला दप्तर, त्यात टॉवेल, एक जाड विजेरी आणि रेनकोट. (बेंबळीतून निघताना रेनकोट पाहून मित्र हसतील. हसू दे!) एस.टी.ने धाराशिव, मग तुळजापूर, सोलापूर. तिथून पश्चिमेला सांगोला, मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरहून दक्षिणेकडे वळून आजरा आणि मग आंबोली. आंबोली म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडी तालुक्याचं डोंगरावरचं गाव. घाटमाथा तिथे संपतो आणि रस्ता खाली कोकणात उतरतो.

या प्रवासात खिडकीजवळची जागा पकडा आणि झोपू नका, कारण खरी गंमत खिडकीबाहेर आहे. सांगोल्यापर्यंत माळ, बोरी-बाभळी, डाळिंबाच्या बागा. मिरजेनंतर ऊस. कोल्हापूर सोडलं की भात दिसू लागतो. आजऱ्याच्या पुढे झाडं रस्त्यावर वाकतात, खिडकीतून गार वारा येतो आणि मग एकाएकी समोरचं काही दिसेनासं होतं. धुकं! गाडीचे दिवे दिवसाढवळ्या लागतात. पाऊस पडतोय की ढगच गाडीत शिरलाय, हे कळत नाही.

आता एक कोडं घालतो. धाराशिवचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच आहे. आंबोली आहे साधारण ६९० मीटर. म्हणजे उंची जवळपास सारखीच! पण धाराशिव जिल्ह्यात वर्षभरात साधारण ७०० ते ८०० मिलीमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत ७,००० मिलीमीटरच्या आसपास. जवळजवळ दहापट! धाराशिवला वर्षभरात पडणारा पाऊस आंबोलीत पावसाळ्याच्या काही दिवसांतच पडून जातो. असं का?

कारण वाऱ्याची वाट. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून पाणी भरून येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात. पुढे जायचं तर वर चढावं लागतं. वर चढताना हवा थंड होते आणि थंड हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही. मग ती पाणी टाकून देते. आंबोली या भिंतीच्या अगदी माथ्यावर. बेंबळी भिंतीच्या पलीकडे, पार आत. तिथे पोचेपर्यंत वाऱ्याची घागर बरीच रिकामी झालेली असते. भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात, तो हाच. आपण मात्र आज सावलीकडून पावसाकडे, म्हणजे ढगांच्या उलट दिशेने आलो.

ओल्या जंगलात

उष्ण कटिबंधात जिथे भरपूर पाऊस पडतो तिथे सदाहरित जंगलं वाढतात. त्यांना वर्षावनं म्हणतात. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात ती आहेत, आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात आहेत, आणि आपल्याकडे सह्याद्रीच्या रांगेत आहेत. केरळ आणि कर्नाटकातली ही जंगलं महाराष्ट्राकडे येता येता थोडी विरळ होतात. आंबोलीत सदाहरित आणि निमसदाहरित असं मिश्र रान आहे. पानगळ झाली तरी सगळी झाडं एकदम उघडी पडत नाहीत. खोडांवर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड, आणि पायाखाली कुजलेल्या पानांची ओली गादी.

हिरण्यकेशी नदीचा उगम इथलाच. उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला. तो जगाला नवा असल्याचं २०२० साली जाहीर झालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. इथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर राहणारा एक भेक २००९ साली शास्त्राच्या यादीत आला. जगात इतरत्र न सापडणारे जीव इथे दगडाखाली आणि पाण्याच्या डबक्यात राहतात, बरं का!

रात्र झाली. रेनकोट चढवा, पायात उंच बूट घाला आणि या रानाची माहिती असलेल्या मोठ्या माणसाचा हात सोडू नका. रस्त्याच्या कडेनेच चालू. कानठळ्या बसतील इतके बेडूक ओरडतायत. विजेरी त्या डबक्यावरच्या फांदीकडे वळवा. पानांना चिकटलेला पांढरा फेसाचा गोळा दिसला? ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. अंडी फेसात सुरक्षित राहतात आणि पिल्लं बाहेर पडली की टपटप खालच्या पाण्यात पडतात.

आता ओढ्याकडेच्या त्या झुडपाकडे पाहा. कमरेएवढ्या उंचीवर. दिसलं काही? नाही? पुन्हा पाहा. शेवाळलेली फांदी जराशी जाड वाटतेय ना? त्या जाडीला एक त्रिकोणी डोकं आहे. डोक्यावर मांजरासारखी उभी बाहुली असलेला डोळा आहे.

हाच आपला पाहुणचार करणारा घरमालक. मलबारी चापडा!

न हलणारा शिकारी

चापडा लांबीला साधारण दोन-अडीच फूट. अंग जाडसर, मान बारीक, डोकं रुंद. रंग विचाराल तर गोंधळून जाल. कुणी हिरवा, कुणी पिवळा, कुणी तपकिरी, तर कुणी या सगळ्यांची नक्षी काढलेला. एकाच रानात, एकाच ओढ्याच्या काठी निरनिराळ्या रंगांचे चापडे भेटतात, पण जात एकच. हिरवा शेवाळात लपतो, तपकिरी वाळक्या पानात. हा साप फक्त सह्याद्रीत, म्हणजे पश्चिम घाटात सापडतो. जगाच्या पाठीवर आणखी कुठेही नाही. टॉमस जर्डन नावाच्या डॉक्टर आणि निसर्गअभ्यासकाने १८५०च्या दशकात त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

पण हा पळत नाही, चढत नाही, नुसता बसून राहतो. मग पोट कसं भरतं?

त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे एक बारीक खळगी आहे. दोन्ही बाजूंना एकेक. ही त्याची जादूची पेटी! खळगीच्या आत एक पातळ पडदा असतो आणि तो उष्णता ओळखतो. अंधारात एखादा उंदीर किंवा पक्षी जवळ आला, तर त्याच्या अंगाची ऊब चापड्याला कळते, आणि ती डावीकडून येते की उजवीकडून हेही कळते. गार रानात ऊबदार प्राणी त्याला अंधारातल्या दिव्यासारखा जाणवतो. बेडूक आणि पाली गार अंगाच्या असतात, त्यांच्यासाठी डोळे आणि वास घेणारी जीभ आहेच.

ही खळगी काम कशी करते, हे २०१० साली शास्त्रज्ञांना उलगडलं. त्या पडद्याच्या मज्जातंतूंत एक विशिष्ट प्रथिन असतं. तेच प्रथिन तुमच्या-माझ्याही शरीरात आहे! मोहरी फेसलेलं लोणचं खाल्लं की नाकात झणका जातो ना? तो झणका देणारं प्रथिन ते हेच. आपल्याला त्याने मोहरी कळते, चापड्याला उंदराची ऊब. आहे की नाही गंमत?

आता शेपूट पाहा. फांदीला वळसा घालून घट्ट धरलेली. ही त्याची दोरी. बाकीचं अंग तो इंग्रजी ‘एस’सारखं आखडून ठेवतो, म्हणजे भक्ष्य टप्प्यात आलं की डोकं बाणासारखं पुढे जाईल. विषाचे दात लांब असतात आणि एरवी तोंडात दुमडून ठेवलेले असतात. मादी अंडी घालत नाही. अंडी पोटातच उबतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. सतत ओल्या, कुजणाऱ्या पाचोळ्यात अंडी सांभाळत बसण्याची कटकटच नाही.

आता बेंबळीच्या कोड्याचं उत्तर सापडलं का? चापड्याला लागतं सावलीचं, ओलं, पानांनी भरलेलं रान. त्याला लागतात भरपूर बेडूक. बेडकांना लागतात ओढे आणि डबकी. ओढ्यांना लागतो पाऊस, आणि पाऊस थांबवून धरायला लागतो सह्याद्री. या साखळीतली एक कडी निसटली तरी चापडा गेला. बेंबळीच्या लिंबावर एप्रिलच्या उन्हात तो एक दिवसही तग धरणार नाही. तसंच आंबोलीच्या मुसळधार पावसात, त्या गच्च रानात, बेंबळीचं फुरसं सुखी होणार नाही. ज्याचं घर त्याला.

झाडावरचे शेजारी

चापडा एकटा नाही हं. दिवसा याच रानात हरणटोळ हिंडतो. पोपटी रंगाचा, दोरीसारखा बारीक, टोकदार नाकाचा. वारा आला की हा फांदीबरोबर स्वतःही डोलतो, म्हणजे वेल कोणती आणि साप कोणता ते कळू नये! त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते. लोक म्हणतात, हरणटोळ झाडावरून झेप घेऊन माणसाच्या टाळूवर चावतो. साफ खोटं! त्याला सौम्य विष आहे, पण ते पाली-सरड्यांसाठी. माणसाला त्यापासून धोका नाही.

२०२० साली शास्त्रज्ञांनी हरणटोळांची जनुकं तपासली. इतकी वर्षं एकच जात समजल्या जाणाऱ्या या हिरव्या सापाच्या प्रत्यक्षात अनेक जाती निघाल्या. सह्याद्रीच्या ओल्या डोंगरातल्या वेगळ्या आणि कोरड्या सपाट मुलखातली वेगळी. पाहा, इथेही पावसाची रेघ साप वाटून घेते.

तिसरा शेजारी उडता सोनसर्प. त्याला पंख नाहीत. तो उंच फांदीवरून स्वतःला झोकून देतो, बरगड्या फाकवून अंग चपटं करतो आणि हवेत नागमोडी पोहत दुसऱ्या झाडावर उतरतो.

चावला तर?

आता गमतीची गोष्ट बाजूला ठेवू आणि नीट ऐका. चापडा विषारी आहे. त्याच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही, पण वेदना भयंकर होतात आणि हात-पाय खूप सुजतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या दवाखान्यात मिळणारं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून तयार केलेलं असतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे घटक तयार होतात आणि त्यातून औषध बनतं. मुंबईत परळला असलेल्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी अनेक वर्षं जोडलेलं आहे. चापड्याचं विष त्या चारांत नाही. म्हणून त्याच्यावर खास उतारा नाही, आणि म्हणूनच त्याला हात लावण्याचा मोह टाळायचा.

बेंबळीकरांनो, तुमच्या भागात मात्र ते चारही साप आहेत, आणि त्यांचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं. तरीही माणसं मरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली. म्हणजे वर्षाला साधारण ५८,०००! त्यातली बहुतेक खेड्यातली. पुष्कळांचा वेळ मांत्रिकाकडे आणि झाडपाल्यात गेला.

म्हणून पाठ करून ठेवा. साप चावला तर दोरी करकचून बांधायची नाही. ब्लेडने कापायचं नाही. तोंडाने विष चोखायचं नाही. मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. अंगठी, कडं, चप्पल काढा. ज्याला चावलं त्याला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, आणि १०८ नंबरला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने थेट दवाखाना गाठा. साप शोधून मारत बसू नका.

त्याला हलवू नका

चापड्याकडे परत येऊ. त्याचं चिलखत कुठलं, सांगा पाहू? फणा नाही, वेग नाही. त्याचं चिलखत म्हणजे दिसू न देणं. तो न हलता बसतो, आणि ‘मी फांदीच आहे’ असं जगाला पटवून देतो. हजारो वर्षं घारींना, मुंगसांना हे पटत आलं. पण मोटारीच्या चाकाला ते पटत नाही. पावसाळी रात्री घाटरस्ता ओलांडणारे साप आणि बेडूक गाड्यांखाली चिरडले जातात. शिवाय हौशी मंडळी येतात, कॅमेरे घेऊन. साप नीट दिसत नाही म्हणून पानं तोडतात, काठीने त्याला उचलून ‘चांगल्या’ फांदीवर ठेवतात. फोटो झकास येतो. चापड्याची लपायची जागा मात्र गेली.

कुणी म्हणेल, मग त्याला पकडून दूर, खोल जंगलात सोडलं तर? तो सुखी होईल की! इथे अमेरिकेची एक गोष्ट सांगतो. तिथे शेपटीचा खुळखुळा वाजवणारे साप आहेत. चापड्याचेच भाऊबंद, त्यांच्याही चेहऱ्यावर तीच खळगी. काही सापांना पकडून दूरच्या जंगलात सोडलं आणि त्यांच्या शरीरात लहानसा रेडिओ बसवून माग काढला. १९९९ साली त्याचा निकाल छापून आला. नेऊन सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून जास्त मेले. त्याच जंगलात आधीपासून राहणाऱ्या सापांत मरणाचं प्रमाण त्याहून कितीतरी कमी होतं. जंगल तर चांगलं होतं! पण पाणी कुठे, बीळ कुठे, थंडीत कुठे शिरायचं, हे पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. ते भटकत राहिले आणि संपले.

सापाला त्याच्या जागेवरून उचललं की तो साप निम्मा हरवतो. घरात शिरलेला साप वन विभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलावून बाहेर काढावाच लागतो, त्यात चूक काही नाही. पण तो जवळच्याच योग्य जागी सोडायला हवा. बेंबळीत पकडलेला साप ‘छान हिरवं रान आहे’ म्हणून कुणी आंबोलीला नेऊन सोडला, तर तो त्याच्यावर उपकार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप मारणं किंवा बाळगणं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

तर मग, पुढच्या पावसाळ्यात आंबोलीला जाल तेव्हा चापड्याला विजेरीच्या उजेडात घटकाभर पाहा, हातभर नाही तर चांगलं दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर राखून पाहा, आणि ज्या फांदीवर होता त्याच फांदीवर सोडून या. आणि जे बेंबळीत आहात, त्यांनी शाळेला सुट्टी लागली की आपल्या बांधावरची बोर, बाभूळ आणि दगडांचा ढीग लांबून न्याहाळा. कोणता साप तिथे राहतो, काय खातो, कोणत्या महिन्यात दिसतो, हे वहीत टिपून ठेवा. बांध पेटवू नका. तो तोडलात तर तिथला साप आंबोलीला जाणार नाही. त्याला दुसरं घर नाही.